प्रश्नमंजूषेचा विजेचा फलक

प्रश्नमंजूषेत उत्तर चुकले म्हणून सहसा भांडण होत नाही. उत्तर पुस्तकात असते. पुस्तक उघडले की वाद मिटतो. भांडण होते ते 'आधी हात कोणी वर केला' यावरून, आणि ते कोणत्याच पुस्तकात लिहिलेले नसते. त्यातून आपल्यासारख्या महाविद्यालयात, जेथे एका बाकावर मराठी विभागाचा संघ आणि दुसऱ्यावर कन्नड विभागाचा संघ बसतो, तेथे पंचाने कोणाचेही नाव घेतले तरी दुसरीकडून कुजबुज सुरू होते. पंच मराठी असला तर एक अर्थ, कन्नड असला तर दुसरा. खरे पाहता येथे प्रश्न पंचाच्या भाषेचा नसून त्याच्या डोळ्यांचा असतो. दोन हात एका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या अंतराने हलले, तर ते अंतर मनुष्याच्या डोळ्याला कळत नाही. विजेच्या साध्या जोडणीला मात्र ते कळते, आणि तिला मराठीही येत नाही व कन्नडही येत नाही.

अशी जोडणी वाणिज्य किंवा कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही घरी करता येते. पदार्थविज्ञानाशी आमची गाठ दहावीनंतर सुटली. तरी ओहमचा नियम तेवढा आठवत असला म्हणजे पुरे. विभवांतर भागिले रोध म्हणजे विद्युतधारा. आणि तो नियम विसरलेल्यांनीही घाबरू नये, कारण आपल्याकडे द्विनोंदी पद्धती आहे. जर्मन शास्त्रज्ञ किरखॉफ याने 1845 मध्ये जे दोन नियम मांडले, ते वाचताना मला जमाखर्चाचाच तास आठवला. बॅटरीच्या धन टोकातून जितकी धारा निघते तितकीच ऋण टोकात परत येते. वाटेत एक पैसाही गहाळ होत नाही. आणि बॅटरीने जितके व्होल्ट नावे टाकले, तितके वाटेतील वस्तूंच्या नावावर जमा झालेच पाहिजेत. तेरीज जुळली नाही तर चूक बॅटरीची नव्हे, आपल्या मांडणीची.

एक उदाहरण घेऊ. नऊ व्होल्टची बॅटरी आहे आणि लाल एल.ई.डी. लावावयाचा आहे. लाल एल.ई.डी. स्वतः साधारण 2 व्होल्ट घेतो. उरलेले 7 व्होल्ट कोणाच्या तरी खात्यावर गेले पाहिजेत, नाहीतर एल.ई.डी. जळेल. 15 मिलिॲम्पिअर धारा हवी असेल तर 7 भागिले 0.015, म्हणजे सुमारे 467 ओहम. बाजारात 470 ओहमचा रेझिस्टर मिळतो, तो लावावा. पुढची सर्व आकडेमोड याच जातीची आहे.

आता फलकाकडे वळू. प्रश्नमंजूषेचे फलक दोन प्रकारचे असतात. पहिला एकट्याने खेळावयाचा, जोड्या जुळवण्याचा. प्लायवूडच्या तुकड्यावर डाव्या बाजूस दहा प्रश्न, उजव्या बाजूस दहा उत्तरे, प्रत्येकासमोर एक पितळी स्क्रू. मागच्या बाजूने प्रत्येक प्रश्नाचा स्क्रू त्याच्या खऱ्या उत्तराच्या स्क्रूशी तारेने जोडलेला. पुढे दोन मोकळ्या तारा, त्यांच्या वाटेत दोन सेल आणि टॉर्चचा बल्ब. एक टोक प्रश्नाला, दुसरे उत्तराला लावायचे. जोडी बरोबर असेल तर वर्तुळ पूर्ण होते आणि बल्ब पेटतो.

दोन भाषांच्या महाविद्यालयात या फलकासाठी विषय शोधावा लागत नाही. डाव्या बाजूला कन्नड शब्द लिहावेत, उजव्या बाजूला मराठी अर्थ. आणि शब्द मुद्दाम फसवे निवडावेत. कन्नडमध्ये 'मर' म्हणजे झाड, 'ऊट' म्हणजे जेवण, 'कालु' म्हणजे पाय, 'तायि' म्हणजे आई, 'आने' म्हणजे हत्ती, आणि 'हण' म्हणजे पैसा. नुकत्याच आलेल्या मराठी विद्यार्थ्याला खाणावळीत कोणी 'ऊट आयता?' म्हणून विचारले, तर जेवण झाले का एवढेच विचारलेले असते, त्याला उठवलेले नसते. असा फलक मराठी-कन्नड विभागांच्या मधल्या व्हरांड्यात टांगला तर तो दोन्हीकडच्यांना उपयोगी पडेल.

या फलकाची उणीव अशी की त्याचे गुपित फार दिवस टिकत नाही. दहा प्रश्न आणि दहा उत्तरे 36,28,800 प्रकारे जोडता येतात; पण आपण त्यांतला एकच प्रकार तारेने बांधलेला असतो, आणि तो दोन दिवसांत पाठ होतो. मग कागद बदलून नवे प्रश्न लावले तरी 'तिसऱ्याला सातवे' हे हाताला माहीत असते. म्हणून तारा स्क्रूंना कायमच्या सोल्डर न करता विजेच्या दुकानात मिळणाऱ्या कनेक्टर पट्टीत बसवाव्यात, म्हणजे पेचकसाने पाच मिनिटांत जोड्या बदलता येतात.

याहून गंभीर अडचण वेगळीच आहे, आणि ती फलक बांधून झाल्यावरच लक्षात येते. समजा एक प्रश्न आहे, 'गोकाकचा धबधबा कोणत्या नदीवर?' उत्तर घटप्रभा. दुसरा प्रश्न, 'बेळगाव जिल्ह्यातून वाहणारी नदी कोणती?' याला घटप्रभा आणि मलप्रभा दोन्ही उत्तरे बरोबर, म्हणून आपण त्या स्क्रूपासून दोन्हींकडे तार नेली. आता कोणी एक टोक गोकाकच्या प्रश्नाला आणि दुसरे मलप्रभेला लावले, तर काय होईल? बल्ब पेटेल! वीज गोकाकपासून घटप्रभेला गेली, तेथून उलटी जिल्ह्याच्या प्रश्नाला आली आणि तेथून मलप्रभेला पोहोचली. तारा सगळ्या बरोबर, आणि निकाल चुकीचा. वीज प्रश्न वाचत नाही. ती वाट पाहते, आणि वाट कोणत्या दिशेने चालायची हे आपण तिला सांगितलेलेच नसते.

दिशा सांगण्याचे काम डायोड करतो. तो एकेरी रस्ता आहे. प्रत्येक तारेच्या वाटेत 1एन4007 किंवा 1एन4148 असा एक डायोड घालावा, त्यावरील पट्ट्याची बाजू उत्तराकडे ठेवावी, आणि बॅटरीचे धन टोक नेहमी प्रश्नालाच लावण्याचा नियम करावा. त्यासाठी प्रश्नाच्या तारेला लाल मूठ आणि उत्तराच्या तारेला काळी मूठ असली की चूक होत नाही. आता वीज प्रश्नाकडून उत्तराकडे जाईल, उत्तराकडून दुसऱ्या प्रश्नाकडे मागे फिरणार नाही. मात्र डायोड स्वतः 0.7 व्होल्ट खातो, म्हणून दोन सेल पुरत नाहीत. तीन सेल घ्यावेत आणि टॉर्चच्या बल्बऐवजी लाल एल.ई.डी. लावावा. तेरीज अशी: साडेचार व्होल्टमधून डायोडचे 0.7 आणि एल.ई.डी.चे 2 वजा जाता 1.8 उरले, 10 मिलिॲम्पिअरसाठी 180 ओहम.

दुसरा फलक स्पर्धेचा. येथे प्रश्न पंच विचारतो; फलकाने फक्त 'आधी कोण' एवढेच सांगायचे. 2000 साली सुरू झालेल्या 'कौन बनेगा करोडपती' या कार्यक्रमामुळे, आणि पुढे 2012 मध्ये त्याची कन्नड व 2013 मध्ये मराठी आवृत्ती निघाल्यामुळे, 'सर्वांत जलद बोट' ही कल्पना घरोघरी पोहोचली. तेथे संगणक प्रत्येकाचा वेळ मोजतो. आपल्याला वेळ मोजण्याची गरज नाही.

पुष्कळ ठिकाणी प्रत्येक संघाला एक बटण आणि एक दिवा देतात आणि काम झाले असे समजतात. परंतु दोघांनी जवळजवळ एकाच वेळी बटण दाबले की दोन्ही दिवे लागतात, आणि पंचाच्या डोळ्यांवरचा भार जसाच्या तसा राहतो. फक्त हातांऐवजी दिवे पाहायचे. माझ्या मते अशा फलकावर खर्च करण्यात अर्थ नाही. फलकाचे खरे काम पहिल्याचा दिवा लावणे हे नसून बाकीच्यांची वाट बंद करणे हे आहे.

वाट बंद करण्याची जुनी रीत रिलेची. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने हलणारा स्विच. प्रत्येक संघास दोन चेंजओव्हरचा एक बारा व्होल्टचा रिले द्यावा. सर्व रिलेंचे एरवी मिटलेले संपर्क एकामागून एक साखळीसारखे जोडावेत आणि सर्व बटणांना वीज या साखळीतूनच पुरवावी. कोणताही एक रिले ओढला गेला की साखळी तुटते आणि सर्व बटणे निर्जीव होतात. ओढला गेलेला रिले मात्र आपल्या दुसऱ्या संपर्कातून स्वतःलाच वीज पुरवत राहतो. रचना सुबक आहे आणि 'खट्' असा आवाजही समाधान देतो. पण रिले ओढला जाताना साखळी आधी तुटते आणि स्वतःचा पुरवठा क्षणभर मागून जुळतो. तेवढ्यात तो सुटून थरथरू लागण्याचा संभव असतो. त्यासाठी गुंडाळीला समांतर 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. तो तेवढा क्षण निभावून नेतो. शिवाय रिलेचा लोखंडी तुकडा हलण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात, आणि तेवढ्यात दुसऱ्याने बटण दाबले तर दोघेही आत शिरू शकतात.

म्हणून मी एस.सी.आर.चा पक्ष घेतो. हा 1957 मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने तयार केलेला घटक. त्याला तीन पाय: ॲनोड, कॅथोड आणि गेट. एरवी ॲनोडकडून कॅथोडकडे वीज जात नाही. गेटला किंचित धारा दिली की दार उघडते, आणि नंतर गेटची धारा काढून घेतली तरी दार उघडेच राहते. मुख्य धारा तोडल्याशिवाय ते मिटत नाही. आपल्याला हवे ते नेमके हेच. 'बी.टी. 169' हा छोटा एस.सी.आर. यास उत्तम. त्याच्या गेटला 0.2 मिलिॲम्पिअरपेक्षा अधिक धारा लागत नाही आणि दार उघडे राहण्यास 5 मिलिॲम्पिअर पुरते.

जोडणी अशी. नऊ व्होल्टच्या धन टोकापासून निघावे. प्रथम पंचाचे बटण. हे उलट्या जातीचे, म्हणजे एरवी जोडलेले आणि दाबले की तुटणारे असावे. त्यानंतर 470 ओहमचा एकच सामाईक रेझिस्टर. त्याच्या पलीकडच्या टोकाला आपण 'म' म्हणू. 'म'पासून चार संघांच्या चार फांद्या निघतात. प्रत्येक फांदीत एक एल.ई.डी. आणि त्याखाली एक एस.सी.आर. चारही कॅथोड बॅटरीच्या ऋण टोकाला. आता बटणांची वाट. तीही 'म'पासूनच निघते, पण आधी 5.1 व्होल्टच्या झेनर डायोडमधून जाते. झेनरवरील पट्ट्याची बाजू 'म'कडे ठेवावी. झेनरच्या पलीकडून चारही बटणांना तार द्यावी, आणि प्रत्येक बटणाचे दुसरे टोक एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून आपापल्या गेटला जोडावे. गेट आणि कॅथोड यांच्यामध्ये आणखी एक किलोओहम व 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर समांतर ठेवावा. नाहीतर पंचाने बटण सोडताच किंवा कोणी पंखा सुरू करताच एखादा दिवा आपोआप लागतो.

ही रचना कशी चालते ते नळाच्या उदाहरणाने ध्यानात येईल. खालच्या मजल्यावर कोणी नळ सोडला की वरच्या मजल्यावरचा नळ कोरडा पडतो, हा अनुभव आपल्याकडे कोणाला नाही? कोणीच बटण दाबलेले नसते तेव्हा 'म'पाशी पूर्ण 9 व्होल्ट असतात. झेनर 5.1 व्होल्टच्या वरचेच पुढे जाऊ देतो, म्हणून बटणांच्या तारेवर 3.9 व्होल्ट मिळतात. त्यांपैकी 0.7 गेटवर राहतात आणि 3.2 व्होल्ट दोन रेझिस्टरांवर, म्हणजे 1470 ओहमवर पडतात: सुमारे 2.2 मिलिॲम्पिअर. त्यातले 0.7 मिलिॲम्पिअर गेटजवळच्या रेझिस्टरमधून निघून जातात, तरी दीड उरते. दार उघडण्यास ते भरपूर आहे. दार उघडले की 'म'पाशी उरतात फक्त एल.ई.डी.चे 2 आणि एस.सी.आर.चे सुमारे 0.9, एकूण 2.9 व्होल्ट, बाकीचे 6.1 सामाईक रेझिस्टरने घेतले. 2.9 व्होल्ट झेनरला ओलांडता येत नाहीत. वरच्या मजल्याचा नळ कोरडा! बाकीच्या तिघांनी कितीही जोराने बटण दाबले तरी काही होत नाही. आणि हे सर्व एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत घडते. पेटलेल्या फांदीतून 13 मिलिॲम्पिअर वाहत राहतात, म्हणजे दार उघडे राहण्यास लागणाऱ्या 5 पेक्षा पुष्कळ अधिक.

बझर हवा असल्यास तो त्याच 470 ओहमच्या रेझिस्टरला समांतर जोडावा. एरवी त्या रेझिस्टरवर काहीच व्होल्ट नसतात, म्हणून बझर मुका. दिवा लागला की सहा व्होल्ट येतात आणि तो वाजतो. कोणत्याही संघाचा दिवा असो, बझर एकच पुरतो.

आता दोन भाषांचा मुद्दा. आपल्याकडे प्रश्न एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये वाचतात. ज्याच्या भाषेत आधी वाचला त्याला काही सेकंद अधिक मिळतात, आणि त्यापुढे एस.सी.आर.ची सर्व चपळाई व्यर्थ. यावर कोणालाही सुचेल असा उपाय म्हणजे बटणांच्या वाटेत पंचाच्या हाती एक किल्ली ठेवणे: दोन्ही भाषांत वाचून झाले की किल्ली चालू करावी. उपाय दिसायला चांगला आहे, पण तो करू नये. कारण मग हुशार स्पर्धक प्रश्न वाचला जात असतानाच बटण दाबून धरून बसेल आणि किल्ली चालू होताच त्याचा दिवा लागेल. दोघांनी दाबून धरले तर ज्याचा एस.सी.आर. अधिक हळवा तो जिंकेल. म्हणजे ज्ञानाची परीक्षा राहिली बाजूला.

त्याऐवजी सर्किट आरंभापासून जिवंत ठेवावे. पंचाने आपले बटण दाबून सोडावे, चारही दिवे विझलेले आहेत हे सर्वांना दिसू द्यावे, आणि मगच वाचावयास सुरुवात करावी. कोणी बटण दाबून धरले असेल तर त्याचा दिवा तत्काळ लागून चोरी उघडी पडते. दुसऱ्या भाषेतील वाचन पूर्ण होण्याआधी ज्याचा दिवा लागेल तो संघ त्या प्रश्नापुरता बाद. पंचाने पुन्हा सुरू करून उरलेल्या तिघांना संधी द्यावी. वाचनाचा क्रम प्रत्येक प्रश्नाला आलटून पालटून ठेवावा, म्हणजे विषम क्रमांकाचे प्रश्न आधी मराठीत, सम क्रमांकाचे आधी कन्नडमध्ये.

तारांच्या लांबीवरूनही वाद निघतो. 'त्यांचे टेबल फलकाजवळ, आमचे लांब' ही तक्रार ऐकू आली तर हसू नये, पण ती खरी नाही. दहा मीटर तार ओलांडण्यास विजेला सेकंदाचा साधारण दोन कोटीवा भाग लागतो. बटणांच्या बाबतीत मात्र तक्रार खरी असू शकते. एक बटण मऊ आणि दुसरे कडक, किंवा एक थोडे दाबले की लागणारे आणि दुसरे खोलवर दाबावे लागणारे असेल, तर तेथे होणारा फरक तारेतल्या फरकाच्या हजारो पट असतो. म्हणून काटकसर करावयाची तर ती लाकडी पेटीत करावी, बटणांत करू नये. दारावरच्या घंटेची बटणे एकाच कंपनीची, एकाच खोक्यातली, चार घ्यावीत. हल्ली मोबाईलवरूनही हे काम करता येते. परंतु प्रत्येक फोनचा संदेश पोहोचण्यास लागणारा वेळ सारखा नसतो, म्हणजे वाद बटणावरून नेटवर्कवर जाणार.

बॅटरीबद्दल एक सूचना. ती उतरून 7 व्होल्टवर आली तरी एल.ई.डी. छान लागतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण वरची तेरीज 7 व्होल्ट धरून पुन्हा मांडली तर गेटच्या वाट्याला जेमतेम 0.1 मिलिॲम्पिअर येते. आता चारांपैकी ज्या एस.सी.आर.चे गेट हळवे असेल तो चालेल आणि दुसरा चालणार नाही. फलक बंद पडणार नाही, तो पक्षपाती होईल, आणि ते अधिक वाईट. म्हणून 8 व्होल्टच्या खाली गेलेली बॅटरी स्पर्धेला वापरू नये. दीड व्होल्टचे सहा पेन्सिल सेल नवे घालावेत. घरातील 230 व्होल्टचा प्रवाह मात्र या पेटीच्या जवळही आणू नये. हाताने दाबायच्या बटणाशी त्याचे काही काम नाही.

स्पर्धेच्या आधी फलकाची परीक्षा घ्यावी आणि ती दोन्ही संघांसमोर घ्यावी. दोन बटणे शेजारी ठेवून त्यांवर लाकडी पट्टी आडवी धरावी आणि एकदम दाबावी. दरवेळी एकच दिवा लागला पाहिजे. असे वीस वेळा करून कोणाचा दिवा किती वेळा लागला ते फळ्यावर लिहावे. जवळपास सारखे आले तर ठीक. एकाच बाजूला पंधरा-सोळाच्या वर गेले तर दोन्ही बटणांची अदलाबदल करून पुन्हा वीस वेळा दाबावे. जिंकणे बटणाबरोबर गेले तर बटण बदलावे. ते जागेवरच राहिले तर त्या फांदीतील एस.सी.आर. किंवा सोल्डर तपासावे. चारही बटणे अशा रीतीने जोडीजोडीने पारखून झाली, म्हणजे कोणता संघ कोणत्या बटणावर बसणार हे चिठ्ठी टाकून ठरवावे.